११११ ही संख्या पूर्ण वर्ग कधी असते?

११११ ही संख्या पूर्ण वर्ग आहे का? म्हणजे एखाद्या पूर्ण संख्येला तिनंच गुणलं तर ११११ येतात का? नाही येत. ३३ चा वर्ग १०८९, ३४ चा ११५६, आणि ११११ या दोघांच्या मधे पडते. ३३ आणि ३४ यांच्यामधे पूर्ण संख्या नाही, त्यामुळे विषय संपला.

पण हे उत्तर देताना आपण एक गोष्ट न बोलताच गृहीत धरली. कागदावर नुसते एकाशेजारी एक असे चार एक आहेत. त्यांचे 'अकराशे अकरा' आपण केले, तेही दहाच्या सवयीनं. दहा-दहाचे गठ्ठे बांधण्याऐवजी सात-सातचे बांधले, तर त्याच चार एकांची किंमत ४०० होते. आणि ४०० म्हणजे वीस गुणिले वीस. थोडक्यात, सातच्या पद्धतीत लिहिलेली ११११ ही संख्या पूर्ण वर्ग आहे.

मला हे उदाहरण फार प्रिय आहे. पहिल्यांदा पाहिलं की तो निव्वळ योगायोग वाटतो. मग कारण शोधायला बसावं, तर शाळेतल्या गणितापलीकडचं फारसं काही न वापरता बरंच खोल जाता येतं.

आधी सातची पद्धत नीट बघून घेऊ. दशमान पद्धतीत उजवीकडून डावीकडे जाताना घराची किंमत दरवेळी दहापट होते: एकक, दशक, शतक, हजार. सप्तमान पद्धतीत ती सातपट होते. पहिल्या घराची किंमत १, दुसऱ्याची ७, तिसऱ्याची ४९, चौथ्याची ३४३. अंक फक्त ० ते ६. सात झाले की एक गठ्ठा बांधायचा आणि शेजारच्या घरात १ मांडायचा, म्हणून सात ही संख्या तिथं १० अशी लिहितात. तिला 'दहा' म्हणायचं नाही, 'एक-शून्य' म्हणायचं. हा बारकावा महत्त्वाचा आहे. वीस, पंचेचाळीस, चारशे ही आपली संख्यांची नावं दहाच्या गठ्ठ्यांवरच बांधलेली आहेत. सप्तमान २६ ला 'सव्वीस' म्हटलं की डोक्यात लगेच दोन दशक आणि सहा एकक उभे राहतात आणि तिथंच घोटाळा होतो. ते 'दोन-सहा' आहे: बे साते चौदा आणि वर सहा, म्हणजे आपले वीस. यापुढे सातच्या पद्धतीतली संख्या आली की तिच्याआधी 'सप्तमान' लिहितो. काहीच लिहिलं नसेल तर ती नेहमीची दशमान संख्या समजावी.

४०० चं सप्तमान रूप काढायचं तर सातनं भागत जायचं आणि बाक्या टिपून ठेवायच्या. ४०० ला ७ नं भागलं: भागाकार ५७, बाकी १. ५७ ला भागलं: भागाकार ८, बाकी १. ८ ला भागलं: भागाकार १, बाकी १. राहिलेल्या १ ला भागलं तर भागाकार ०, बाकी पुन्हा १. चारही वेळा एकच उरतो. बाक्या शेवटापासून सुरुवातीकडे ओळीनं लिहिल्या की ११११. उलट्या बाजूनं पडताळा घ्यायचा तर ३४३ + ४९ + ७ + १ = ४००.

आता वीस गुणिले वीस हा गुणाकार सगळाच्या सगळा सातच्या पद्धतीत करू. मांडणी सप्तमान २६ × २६.

आधी सहानं गुणायचं. सहा सक छत्तीस. छत्तिसांत सातचे पाच गठ्ठे आणि वर एक, तेव्हा १ लिहायचा, हातचे ५. सहा दुणे बारा आणि हातचे पाच, सतरा. सतरांत सातचे दोन गठ्ठे आणि वर तीन, म्हणजे २३. पहिली ओळ झाली २३१.

मग दोननं गुणायचं. बे सक बारा: एक गठ्ठा आणि वर पाच. ५ लिहायचे, हातचा १. बे दुणे चार आणि हातचा एक, पाच. दुसरी ओळ ५५, एक घर डावीकडे सरकवून ५५०.

आता २३१ आणि ५५० यांची बेरीज. एककाच्या घरात १ आणि ०, एक. पुढच्या घरात ३ आणि ५ आठ, म्हणजे एक गठ्ठा आणि वर एक: १ लिहायचा, हातचा १. त्याच्या पुढे २ आणि ५ सात, हातचा धरून आठ, पुन्हा एक गठ्ठा आणि वर एक. उत्तर ११११.

हे एकदा तरी स्वतःच्या हातानं कागदावर करून पाहावं असं मी आग्रहानं सांगेन. शेवटच्या बेरजेत दोनदा आठ येतात आणि दोन्ही वेळा ते 'एक आणि एक' असे फुटतात. चार एक तयार होताना डोळ्यांसमोर दिसतात.

या गुणाकारात किती वेळा हातचा आला ते मोजा: पाच आले, एक आला, मग बेरजेत दोनदा एक-एक. आता याच्याशेजारी ११ × ११ = १२१ हा गुणाकार ठेवा. यात हातचा कुठंच नाही. अकरा एके अकरा, तेच एक घर सरकवून ११०, बेरीज १२१. इथं दहाचा गठ्ठा बांधायची वेळच येत नाही, त्यामुळे गठ्ठा दहाचा आहे की सातचा याचा या गुणाकाराला पत्ताच लागत नाही. म्हणून १२१ हे अंक तीनपासून पुढच्या कुठल्याही पायात (गठ्ठा जितक्याचा बांधायचा, ती संख्या म्हणजे पाया) लिहा, ती संख्या पूर्ण वर्गच असते. सप्तमान १२१ म्हणजे ४९ + १४ + १ = ६४, आठचा वर्ग. पाचच्या पायात १२१ म्हणजे ३६, सहाचा वर्ग. तीच गोष्ट १४४ ची: पाया पाच किंवा त्याहून मोठा असला, म्हणजे ४ हा अंक उपलब्ध असला, की १४४ हा वर्ग. दशमानातल्या ४०० चंही तसंच आहे, कारण २० × २० = ४०० यातही हातचा नाही.

या विषयाची किल्ली माझ्या मते या 'हातचा' शब्दातच आहे. हातच्याशिवाय जमलेलं अंकगणित सगळ्या पायांना लागू असतं. हातच्यामुळे जमलेलं अंकगणित त्या एका पायाचं असतं, दुसऱ्या पायात नेलं की मोडतं. २६ × २६ = ११११ हे दुसऱ्या प्रकारचं आहे. सातचा आठ किंवा दहा केला की हातचे बदलतात आणि चार एक विस्कटतात. दहाच्या पायात २६ × २६ = ६७६, हे तर पाठच असतं.

संख्येचे काही गुण पायावर अवलंबून नसतात हेही इथंच स्पष्ट करायला हवं. ४०० वस्तू वीस-वीसच्या वीस रांगांत मांडता येतात. ते आपण ४०० लिहिलं काय, सप्तमान ११११ लिहिलं काय, बदलत नाही. सम असणं, मूळ संख्या असणं, किती विभाजक आहेत, हे सगळं संख्येचं स्वतःचं. पायासोबत बदलतात त्या ते ओळखण्याच्या कसोट्या. आपल्याला शेवटचा अंक बघून सम-विषम सांगायची सवय असते. सप्तमान ११११ च्या शेवटी १ आहे, तरी ती सम आहे. सात विषम असल्यामुळे ७, ४९, ३४३ हे सगळेच विषम, म्हणून तिथं शेवटचा अंक एकटा काही सांगू शकत नाही. अंकांची बेरीज करावी लागते: बेरीज सम तर संख्या सम. इथं बेरीज ४. दशमानात ९ ची जी कसोटी, ती सप्तमानात ६ ची होते. अंकांची बेरीज ४ आहे म्हणजे सहानं भागल्यावर बाकी ४ उरणार, आणि ४०० भागिले ६ केलं तर भागाकार ६६, बाकी ४, असं खरंच येतं. दशमानातली ११ ची एकाआड एक वजा-अधिकची कसोटी सप्तमानात ८ ची होते: १ − १ + १ − १ = ०, म्हणजे ४०० ला आठनं नि:शेष भाग जातो. हा आठ लक्षात ठेवायचा, पुढे तोच कामाला येणार आहे.

मूळ प्रश्न आता नीट मांडता येतो. चार एक कुठल्या पायात पूर्ण वर्ग होतात? फक्त सातमधे की आणखीही कुठं?

सुरुवात ११ × १०१ = ११११ या ओळीपासून करू. १०१ ला ११ नं गुणणं म्हणजे १०१० आणि १०१ यांची बेरीज. हातचा नाही, म्हणून ही ओळ प्रत्येक पायात खरी. पायाला 'प' म्हणू. मग ११ म्हणजे प + १, आणि १०१ म्हणजे प × प + १. सातसाठी हे आकडे ८ आणि ५०, आणि ८ × ५० = ४००.

८ हा वर्ग नाही, ५० हाही नाही, पण त्यांचा गुणाकार मात्र वर्ग आहे. असं का? कारण ८ म्हणजे दोनदा ४, आणि ५० म्हणजे दोनदा २५. दोघेही 'वर्गाची दुप्पट' आहेत. गुणाकारात दोन दुपटी एकत्र येऊन चौपट होते, आणि चार स्वतःच वर्ग आहे. ४ × ४ × २५ = ४००.

असंच व्हावं लागतं का? हो, दुसरा मार्गच नाही. प + १ आणि प × प + १ या दोघांनाही भाग घालवणारी एखादी संख्या घ्या. ती प + १ ला भागते, म्हणून (प + १) × (प − १) ला, म्हणजे प × प − १ लाही भागते. मग ती प × प + १ आणि प × प − १ यांच्या फरकालाही भागणार, आणि तो फरक आहे फक्त २. म्हणजे या दोघांत १ किंवा २ सोडून सामाईक काही असूच शकत नाही. सामाईक काहीच नसेल तर गुणाकार वर्ग व्हायला दोघंही स्वतंत्रपणे वर्ग असायला हवेत. पण प × प + १ ही संख्या एका वर्गाला चिकटून पुढे बसलेली आहे, आणि ० आणि १ सोडले तर दोन वर्ग कधी शेजारी-शेजारी येत नाहीत. तो रस्ता बंद. राहिला एकच: दोघंही सम, आणि दोघांचे अर्धे वर्ग.

पहिली अट लावली की पाया कुठला असू शकतो याची यादीच मिळते. प + १ चं अर्धं वर्ग हवं: ४, ९, १६, २५, ३६... म्हणजे प होतो ७, १७, ३१, ४९, ७१ आणि पुढे. आता दुसरी अट. सतराला: १७ × १७ + १ = २९०, अर्धे १४५. बाराचा वर्ग १४४, एकानं हुकलं. एकतीसला: ९६२ चे अर्धे ४८१, बाविसाचा वर्ग ४८४, तीननं हुकलं. ४९ ला १२०१, ७१ ला २५२१, दोन्ही वर्ग नाहीत. फक्त सातपाशी २५ येतात.

इथं एक फार सुंदर गोष्ट समोर येते. प + १ च्या अर्ध्याला 'म' म्हणू. मग प × प + १ चं अर्धं मांडून बघितलं तर ते नेमकं म चा वर्ग अधिक (म − १) चा वर्ग एवढं भरतं. सातसाठी म = ४, आणि ४ चा वर्ग अधिक ३ चा वर्ग = २५ = ५ चा वर्ग. हा तर ३-४-५ चा काटकोन त्रिकोण! चार एकांचा प्रश्न पायथागोरसच्या त्रिकोणांवर येऊन टेकला: असा काटकोन त्रिकोण हवा ज्याच्या काटकोनाजवळच्या दोन बाजूंत एकाचाच फरक आहे, आणि त्यातली मोठी बाजू स्वतः वर्गसंख्या आहे.

एकाचाच फरक असलेले त्रिकोण अनंत आहेत: ३-४-५, मग २०-२१-२९, मग ११९-१२०-१६९, मग ६९६-६९७-९८५, पुढे ४०५९-४०६०-५७४१. मोठ्या बाजू ४, २१, १२०, ६९७, ४०६०. यांतला वर्ग फक्त ४. पुढे कितीही गेलं तरी दुसरा सापडत नाही, आणि तो नाहीच हे सिद्ध झालेलं आहे. तेव्हा दोनपासून पुढच्या सगळ्या पायांत चार एक वर्ग होतात ते एकट्या सातमधेच. आणि त्याच्या मुळाशी आहे ३-४-५ चा त्रिकोण, जो शाळेत सगळ्यांत आधी शिकवतात.

या ४०० ला इतिहासही आहे. १६५७ च्या जानेवारीत फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मा यांनी युरोपातल्या गणितज्ञांसाठी, खास करून इंग्रजांसाठी, आव्हान म्हणून दोन प्रश्न पाठवले. पहिला प्रश्न असा: ३४३ हा सातचा घन. त्याला पूर्ण भाग घालवणाऱ्या लहान संख्या १, ७ आणि ४९. त्या ३४३ मधे मिळवल्या तर ४०० होतात, वीसचा वर्ग. असा गुण असलेला दुसरा घन शोधून दाखवा.

फर्मांनी पायाचा उल्लेख केला नव्हता, पण १ + ७ + ४९ + ३४३ हे आपले चार एकच आहेत. कुठल्याही मूळ संख्येच्या घनाचे सगळे विभाजक मिळवले की त्या संख्येच्या पायातले ११११ तयार होतात. म्हणजे एकट्या मूळ संख्येचा घन घेतला तर सात सोडून उत्तर नाही, हे आपण वर पाहिलं. मग आव्हान सुटतं कसं? वेगवेगळ्या मूळ संख्या एकत्र घेऊन. विभाजकांच्या बेरजेचा एक सोयीचा नियम आहे: दोन संख्यांत सामाईक अवयव नसेल, तर त्यांच्या गुणाकाराच्या विभाजकांची बेरीज म्हणजे त्या दोघांच्या बेरजांचा गुणाकार. त्यामुळे २, ३, ५, १३, ४१ आणि ४७ या सहा मूळ संख्या घ्यायच्या आणि प्रत्येकीच्या पायातले ११११ काढायचे.

दोनच्या पायात ११११ म्हणजे १५. तीनच्या पायात ४०. पाचच्या पायात १५६. तेराच्या पायात २३८०. एकेचाळीसच्या पायात ७०६४४. सत्तेचाळीसच्या पायात १०६०८०. यांतला एकही वर्ग नाही. पण सहाही एकमेकांशी गुणले की प्रत्येक मूळ अवयव जोडीनं येतो. १५ मधला एक पाच, ४० मधला एक, २३८० मधला एक, १०६०८० मधला एक, असे पाचाचे चार. २३८० मधल्या सातला ७०६४४ मधला सात जोडीला मिळतो. २३८० मधल्या सतराला १०६०८० मधला सतरा. १५६ मधल्या तेराला १०६०८० मधला तेरा. २९ मात्र ७०६४४ च्या पोटातच दोनदा आहे, कारण तिथं २०-२१-२९ चा त्रिकोण लपलेला आहे: ४१ चा वर्ग अधिक एक म्हणजे १६८२, आणि त्याचे अर्धे २९ × २९. ४१ हा पाया एकट्यानं उत्तर देऊ शकला नव्हता, कारण २१ हा वर्ग नाही. इथं इतरांच्या सोबतीनं तो कामी आला.

सहा संख्यांचा गुणाकार ७५१५३०. या संख्येच्या घनाचे सगळे विभाजक मिळवले तर बेरीज १२९२०५४४०० चा वर्ग येते. फर्मांच्या काळात हे सगळं हातानं शोधायचं होतं. ऑक्सफर्डच्या जॉन वॉलिस यांनी सुरुवातीला '१' हेच उत्तर पुढे केलं. एकचा घन एक, विभाजकांची बेरीज एक, तोही वर्ग. नियमात बसतं, पण त्यानं फर्मांचं समाधान होण्यासारखं नव्हतं. पॅरिसच्या फ्रेनिक्ल द बेसी यांनी मात्र खरी उत्तरं काढून दाखवली. अवयव असे जोडी-जोडीनं जुळवत बसण्याची चिकाटी कुठून येत असेल याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

चार एकांचं झालं. तीन एकांचं काय? ते चुटकीसरशी मिटतं. प च्या पायात १११ म्हणजे प × प + प + १. ही संख्या प च्या वर्गाहून मोठी, आणि प + १ च्या वर्गाहून नेमकी प नं लहान. दोन लागोपाठच्या वर्गांमधे सापडली. म्हणजे तीन एक कुठल्याही पायात वर्ग होत नाहीत.

पाच एक एकदाच वर्ग होतात, तीनच्या पायात: ८१ + २७ + ९ + ३ + १ = १२१, अकराचा वर्ग. याचंही कारण असंच दोन वर्गांमधे पकडून काढता येतं. पाच एकांच्या चौपटीला दोन्ही बाजूंनी आवळत आणलं की शेवटी प × प = २ × प + ३ एवढीच अट उरते, आणि ती पाळणारी धन पूर्ण संख्या एकच, ३. इथं एक गंमत आहे. तीनच्या पायात पाच एकांनी लिहिलेली ही संख्या दशमानात लिहिली की १२१ होते, आणि १२१ हे तर सगळ्या पायांत वर्ग असणारं रूप. एकाच संख्येच्या एका रूपात हातच्यानं जमलेला वर्ग, दुसऱ्या रूपात हातच्याशिवाय जमलेला.

दहाच्या पायात ११, १११, ११११ हे कधीच वर्ग का नसतात, हेही एका वाक्यात सांगता येतं. शेवटी ११ असलेल्या संख्येला ४ नं भागलं की बाकी ३ उरते, आणि कुठल्याही वर्गाला ४ नं भागलं तर बाकी ० किंवा १ च असते. वर्ग सोडून घन, चौथा घात, पाचवा घात असं काही होतं का, हा प्रश्न मात्र कितीतरी कठीण. दहाच्या पायातले नुसते एक कुठलाच पूर्ण घात होत नाहीत, याची सिद्धता यान ब्युजो आणि मोरिस मिन्योत यांनी १९९९ मधे दिली.

कुठल्याही पायात, तीन किंवा जास्त एक, आणि कुठलाही घात, असा सर्वसाधारण प्रश्न दोन नॉर्वेजियन गणितज्ञांच्या नावानं ओळखला जातो: त्रिग्वे नागेल आणि विल्हेल्म ल्युंगग्रेन. नागेल यांनी १९२० च्या आसपास यावर काम सुरू केलं, आणि १९४३ मधे ल्युंगग्रेन यांनी वर्गांपुरता विषय पूर्ण केला: तीन किंवा जास्त एकांनी बनलेले वर्ग दोनच, तीनच्या पायातले पाच एक (आपले १२१) आणि सातच्या पायातले चार एक (आपले ४००). सहा एक, सात एक, शंभर एक, कुठल्याही पायात घ्या, वर्ग होत नाहीत.

वर्ग सोडून पुढे गेलं की आजवर एकच उदाहरण माहीत आहे. अठराच्या पायात १११ म्हणजे ३२४ + १८ + १ = ३४३, सातचा घन. हाच तो फर्मांचा ३४३. सप्तमानात त्याचं रूप १०००. अठरामधले तीन एक आणि सातमधला एकावर तीन शून्यं, दोन्ही एकच संख्या आहेत.

याच कुळातला आणखी एक प्रश्न जाता जाता सांगतो. ३१ ही संख्या दोनच्या पायात १११११ आणि पाचच्या पायात १११ अशी लिहिली जाते, दोन्हीकडे नुसते एक. ८१९१ ही दोनच्या पायात तेरा एकांनी लिहिली जाते आणि नव्वदच्या पायात तीन एकांनी. कमीत कमी तीन एक हवेत अशी अट घातली तर दोन वेगळ्या पायांत नुसत्या एकांनी लिहिता येणाऱ्या संख्या या दोनच सापडलेल्या आहेत. तिसरी नाही असा अंदाज बेल्जियमच्या रने गोरमाख्तिग यांच्या नावावर १९१७ पासून आहे, आणि तो अजूनही अंदाजच आहे.

पूर्ण घातांचंही तसंच. तीनच्या पायात पाच एक, सातच्या पायात चार एक, अठराच्या पायात तीन एक. चौथं उदाहरण कुणाला सापडलेलं नाही आणि चौथं नाहीच हे कुणाला सिद्धही करता आलेलं नाही. ते कुठं असलंच तर घन असेल, पाचवा घात असेल, आणखी वरचा एखादा घात असेल. वर्ग मात्र नसेल, एवढं ल्युंगग्रेन यांनी १९४३ मधेच मिटवून ठेवलं आहे.